गुण देणारं औषध, की गुण येऊ शकेल असं औषध?



उन्हाळा सुरू झाला की आपल्या कॅसल हिलमध्ये एखाद्या दुपारी पश्चिमेकडून काळे ढग चढून येतात आणि फोनवर हवामान खात्याचा इशारा झळकतो. त्यात हमखास भेटणारा एक वाक्यांश आहे : ‘हेवी रेनफॉल दॅट मे लीड टू फ्लॅश फ्लडिंग’. घरात आजोबा असतील तर ते विचारतात, ‘काय म्हणतोय रे तुझा फोन?’ नातू सांगतो, ‘आजोबा, पूर आणणारा पाऊस येतोय.’ आजोबा लगेच कुंड्या आत घ्यायला उठतात.

हवामान खात्याने पुराची खात्री दिलेली नव्हती. इशाऱ्याचा खरा अर्थ असा : ‘ज्यामुळे अचानक पूर येऊ शकेल असा जोराचा पाऊस’. इंग्रजी वाक्यात ‘दॅट’च्या मागोमाग जो इवलासा ‘मे’ होता, तो मराठीत येताना वाटेतच गळून पडला. नातवाची मराठी वाईट नाही. ‘पूर आणणारा पाऊस’ ही अगदी सुबक मराठी आहे. अडचण तीच आहे : मराठी सुबक झाली आणि शक्यता नाहीशी झाली.

पावसाच्या बाबतीत फारसं बिघडत नाही. कुंड्या आत आल्या, एवढंच. पण याच घडणीची वाक्यं आपल्याला डॉक्टरांच्या खोलीत ऐकावी लागतात, वकिलाच्या टेबलावर सही करण्याआधी वाचावी लागतात, आणि पुष्कळदा ती घरातल्या थोरांना समजावून सांगण्याचं काम तुमच्यापैकी इथे वाढलेल्यांवर येतं. म्हणून या दिवाळीत थोडं व्याकरण. घाबरू नका, परीक्षा नाही.

जो, जी, जे आणि त्यांचे सोबती

एखाद्या नामाबद्दल अधिक माहिती देणारं जे छोटं वाक्य मोठ्या वाक्यात बसवलेलं असतं, त्याला आपल्या शालेय व्याकरणात विशेषणवाक्य म्हणतात. इंग्रजीत ते ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ या शब्दांनी सुरू होतं आणि नामाच्या मागून येतं. मराठीत हेच काम करायच्या निदान चार तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा जो-तोची : ‘जी नर्स काल आली होती, ती आज नाही.’ दुसरी ‘असा’ची : ‘जिला मराठी कळेल अशी नर्स हवी.’ तिसरी ‘णारा’ची : ‘मराठी बोलणारी नर्स.’ आणि चौथी ‘जोगा’ किंवा ‘सारखा’ची : ‘वाचण्याजोगं पुस्तक’, ‘बरा होण्यासारखा आजार’.

जो-तोची तऱ्हा फार जुनी आणि फार समर्थ आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदान आहे. ते तुम्हाला पाठ असेल, किंवा निदान कानावरून गेलं असेल. ज्याला जे हवं असेल त्याला ते मिळो, अशी जी मागणी त्यात आहे, तिची घडण पाहा. एकाच वाक्यात ‘जो’ आणि ‘जे’ अशी दोन संबंधी सर्वनामं, आणि त्यांना उत्तर देणारी ‘तो’ आणि ‘ते’ अशी दोन. इंग्रजीला ही जोडगोळी इतक्या सहज पेलत नाही. तिथलं पहिलं क्रियापदही लक्षात घ्या. त्याला ‘ईल’ हा प्रत्यय आहे. शाळेत आपण त्याला भविष्यकाळ म्हणतो, पण इथे तो उद्याविषयी काही सांगत नाही. कोण काय इच्छील हे ठाऊक नाही, जे असेल ते असो, एवढा मोकळेपणा त्या ‘ईल’मध्ये आहे.

हा मोकळेपणा आपण रोज वापरतो. ‘जो येईल त्याला चहा द्या.’ कोण येईल, किती जण येतील, कुणी येईल की नाही, काहीच ठरलेलं नाही. इंग्रजीत मात्र इथे ‘हूएव्हर कम्स’ म्हणतात, साधा वर्तमानकाळ. म्हणजे शक्यता दाखवण्यात मराठी कमी पडते असं मुळीच नाही. इंग्रजी ते काम बहुतेक वेळा सुट्या सहायक क्रियापदांकडून करून घेते, मराठी ते पुष्कळदा क्रियापदाच्या प्रत्ययावर सोपवते. सुटा शब्द डोळ्यांना दिसतो. प्रत्यय दिसत नाही, म्हणून भाषांतराच्या घाईत तो आधी हरवतो.

‘कॅन’ आणि ‘मे’ यांची कुळकथा

‘मे’, ‘माइट’, ‘कॅन’, ‘कुड’ ही इंग्रजीतली छोटी क्रियापदं. यांचं कूळ शोधायला गेलं तर आपलीच नातलग भेटतात.

‘कॅन’चा मूळ अर्थ ‘जाणणे’. संस्कृतातला ‘ज्ञा’ धातू, मराठीतलं ‘जाणणे’ आणि इंग्रजीतलं ‘कॅन’ ही एकाच प्राचीन मुळाची पालवी. आधी ‘जाणतो’, मग ‘जाणतो म्हणून करता येतं’, आणि पुढे ‘होण्यासारखं आहे’, असा त्याचा प्रवास झाला. ‘मे’चा मूळ अर्थ ‘बळ असणे’. बळ या अर्थाचं इंग्रजी नाम ‘माइट’ त्याच घरातलं. आणि आपलं ‘शकणे’? तेही बळाचंच. शक्ती, शक्य, शक्यता हे सारे ‘शक्’ धातूचे वंशज. बळावरून शक्यतेकडे जाणारी वाट दोन्ही भाषांनी आपापली चालून काढली.

पण मराठीने एक गोष्ट वेगळी केली. कौशल्यासाठी तिने ‘येणे’ वापरलं. ‘मला पोहता येतं’ म्हणजे मी शिकलो आहे. ‘मी पोहू शकतो’ म्हणजे पोहायला आड येणारं काही नाही : जखम बरी झाली, तलाव उघडा आहे. आणि शरीर किंवा मन साथ देतं का, यासाठी तिसरं रूप : ‘मला आता चालवतं’, ‘मला बघवत नाही’. याला व्याकरणात शक्य क्रियापद म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी 1911 साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ दिला. या मंडळींच्या परंपरेने अशा रूपांची जी नावं रूढ केली, ती आज आपण विसरत चाललो आहोत. रूपं मात्र आजीच्या तोंडी शाबूत आहेत.

इथे वाढलेली मुलं या तिन्हींच्या जागी सरसकट ‘शकतो’ वापरतात. ऐकायला ते चालून जातं. पण आजीच्या तोंडून ‘पाऊस पडू शकतो’ असं क्वचितच ऐकू येईल. ती म्हणेल, ‘पाऊस पडेलसं वाटतंय.’ त्या ‘सं’मध्ये केवढी शक्यता भरली आहे!

‘णारा’ने काय गिळलं

आता मूळ मुद्द्याकडे. इंग्रजी विशेषणवाक्याचं मराठी करताना आपला हात आपोआप ‘णारा’कडे जातो, कारण ते आटोपशीर आहे. ‘णारा’ वाईट नाही. ‘मुंबईहून येणारे पाहुणे’, ‘न गंजणारं स्टील’, ‘न संपणारं काम’. यांत भविष्य आहे, सवय आहे, क्षमताही आहे. ‘णारा’मध्ये फक्त शंका मावत नाही. शंका सांगायची तर ‘कदाचित’सारखा शब्द बाहेरून आणावा लागतो, आणि घाईत तो कुणी आणत नाही.

समजा, आजीला घेऊन तुम्ही स्पेशालिस्टकडे गेला आहात. डॉक्टर म्हणतात, ‘देअर इज अ ड्रग दॅट मे हेल्प.’ तुम्ही आजीकडे वळून सांगता, ‘गुण देणारं एक औषध आहे.’ आजीचा चेहरा खुलतो. तीन महिन्यांनी गुण आला नाही की तिला वाटतं, औषध खोटं, नाहीतर आपलं नशीब खोटं. डॉक्टरांनी गुणाचं वचन कधी दिलंच नव्हतं. ‘ज्याने गुण येऊ शकेल असं एक औषध आहे’, एवढं वाक्य बोलायला दोन सेकंद जास्त लागले असते.

उलट दिशेनेही हेच घडतं. डॉक्टर म्हणतात, ‘देअर इज अ लंप दॅट कुड बी कॅन्सर.’ घरी फोन जातो, ‘आईला कॅन्सरची गाठ निघाली.’ पुण्यापासून पर्थपर्यंत सगळे नातेवाईक हादरतात. डॉक्टर म्हणाले होते, ‘जी कॅन्सरची असू शकेल अशी गाठ आहे’, म्हणजेच ती तशी नसूही शकेल, तपासून बघायचं आहे. एका वाक्यात शक्यता गळली तेव्हा खोटी आशा मिळाली, दुसऱ्या वाक्यात गळली तेव्हा खोटं भय. व्याकरणाची चूक दोन्हीकडे एकच.

तिसरं उदाहरण जास्त नाजूक आहे. इंग्रजीतली शेवटी ‘एबल’ असलेली विशेषणं म्हणजे आक्रसलेली विशेषणवाक्यंच असतात. ‘ट्रीटेबल’ म्हणजे ज्यावर उपचार करता येतात असा. ‘क्युरेबल’ म्हणजे जो पूर्ण बरा होऊ शकतो असा. काही आजार ट्रीटेबल असतात पण क्युरेबल नसतात : उपचारांनी त्रास कमी होतो, आयुष्य वाढू शकतं, पण आजार मुळापासून जात नाही. डॉक्टर हे दोन शब्द तोलूनमापून वापरतात. आपण दोन्हींचं मराठी ‘बरा होण्यासारखा’ असं करून टाकतो. कधी शब्द सुचत नाही म्हणून, आणि खरं सांगायचं तर कधी मायेपोटी. माया समजण्यासारखी आहे. पण उरलेला काळ कसा घालवायचा, एकदा भारतात जाऊन यायचं का, कुणाला भेटायचं, कुठलं व्यवहाराचं काम उरकायचं, हे त्या माणसाला स्वतः ठरवायचं असतं. ‘बरा होण्यासारखा’ हे शब्द कानावर पडले की ते ठरवणं लांबणीवर पडतं.

इथे ‘कॅन’ आणि ‘मे’ यांच्यातला एक बारकावाही सांगतो. ‘अ मेडिसिन विच कॅन कॉज डिझिनेस’ म्हणजे या औषधाने काही जणांना चक्कर येते, हा अनुभवाने ठरलेला गुणधर्म आहे. याला मराठीत ‘शकणे’ लागतच नाही : ‘ज्याने काहींना चक्कर येते असं औषध’. ‘दिस मे मेक यू डिझी’ म्हणजे तुमच्याबाबतीत काय होईल ते सांगता येत नाही : ‘याने तुम्हाला कदाचित चक्कर येईल’. सामान्य शक्यतेला ‘कधीकधी’, ‘काहींना’. नेमक्या प्रसंगातल्या अनिश्चिततेला ‘कदाचित’. हे सूत्र शंभर टक्के वेळा चालत नाही, पण बहुतेक वेळा तारून नेतं.

आजीचं ‘चालवत नाही’

आता वाक्य उलटीकडून येऊ द्या. आजी म्हणते, ‘मला हल्ली चालवत नाही.’ तुम्ही डॉक्टरांना सांगता, ‘शी कान्ट वॉक.’ डॉक्टर दचकून पाहतात, कारण आजी तर आत्ताच दारातून चालत आली! आजीचं म्हणणं होतं की चालताना शरीर साथ देत नाही : दम लागतो, गुडघे दुखतात, शक्ती संपते. यातलं नेमकं काय, हे विचारायला तिच्याच वाक्याने दार उघडून दिलं होतं. ‘कान्ट’ने ते लावून टाकलं.

विशेषणवाक्यात तर एका ‘कान्ट’पोटी तीन अर्थ दडतात. ‘द फूड शी कान्ट ईट’ याचं मराठी काय कराल? ‘तिला न चालणारे पदार्थ’ म्हणजे पथ्याचे, उपासाचे किंवा ॲलर्जीचे निर्बंध. ‘जे तिला खाता येत नाहीत ते पदार्थ’ म्हणजे कवळी बसत नाही, किंवा गिळायला अडचण आहे. ‘जे तिच्याने खाववत नाहीत ते पदार्थ’ म्हणजे घास तोंडाशी आला की मन घेत नाही, मळमळतं. पहिल्यासाठी आहार बदलायचा, दुसऱ्यासाठी दात किंवा घसा तपासायचा, तिसऱ्यासाठी औषधं किंवा मनःस्थिती बघायची. मराठीने केलेली वाटणी इंग्रजीत एका शब्दात बसत नसेल तर दोन वाक्यं करा. ‘शी इज अलाउड टू, बट हर बॉडी रिफ्यूझेस’ असं सांगितलं तर कुठल्याही डॉक्टरला कळेल.

असेल आणि असता

घडून गेलेल्या गोष्टींच्या शक्यता सांगण्यात मराठी विशेष नेटकी आहे. ‘द ऑपरेशन दॅट मे हॅव सेव्ह्ड हिम’ आणि ‘द ऑपरेशन दॅट माइट हॅव सेव्ह्ड हिम’ यांत काटेकोर इंग्रजी असा फरक करते : पहिल्यात ऑपरेशन झालं, त्यानेच तो वाचला की कशाने ते नक्की नाही. दुसऱ्याचा एक अर्थ असा की ऑपरेशन झालंच नाही आणि तो गेला. हल्ली बरेच इंग्रजी भाषक दोन्हीकडे ‘मे हॅव’ म्हणतात, त्यामुळे ऐकणारा गोंधळतो.

मराठीत गोंधळाला जागाच नाही. ‘ज्या ऑपरेशनने तो वाचला असेल’ आणि ‘ज्या ऑपरेशनने तो कदाचित वाचला असता’. ‘असेल’ आणि ‘असता’ यांच्यात अंतर थोडंसंच, पण एकीकडे माणूस आहे, दुसरीकडे नाही. मराठी शिकणाऱ्या मुलांना मी आग्रहाने सांगतो की बाकी काही विसरलात तरी चालेल, हे दोन शब्द जपा. शोकाच्या वेळी घरातली माणसं एकमेकांशी बहुधा ‘असता’मध्येच बोलतात. तिथे चुकून ‘असेल’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स होतं.

अर्जातला ‘मे’

डॉक्टरांच्या खोलीतून वकिलाच्या टेबलाकडे येऊ. इथे ‘मे’चा चेहरा बदलतो. ‘अ पर्सन हू मे मेक डिसिजन्स फॉर यू’ या शब्दांत शंकेचा मागमूस नाही. हा ‘मे’ अधिकार देणारा आहे. न्यू साउथ वेल्सच्या 1987 सालच्या इंटरप्रिटेशन ॲक्टमध्ये, नवव्या कलमात, याचा खुलासाच दिलेला आहे : कायद्यात एखादा अधिकार देताना ‘मे’ वापरला असेल, तर तो अधिकार वापरायचा की नाही हे त्या व्यक्तीच्या मर्जीवर असतं. ‘शॅल’ असेल तर ते करावंच लागतं.

आपल्या ज्येष्ठांना हे कुठे भेटतं? दोन कागदांत. एक ‘एन्ड्युअरिंग गार्डियन’ नेमण्याचा, जो 1987 च्या गार्डियनशिप ॲक्टखाली येतो. पुढेमागे आपली निर्णय घेण्याची क्षमता गेली, तर उपचार, राहण्याची व्यवस्था यांबद्दल आपल्या वतीने कोण निर्णय घेऊ शकेल, ते त्यात लिहितात. दुसरा ‘एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ ॲटर्नी’, 2003 च्या कायद्याखालचा. तो पैसा आणि मालमत्ता यांच्यापुरता. पहिल्याने पैशाचा अधिकार मिळत नाही, दुसऱ्याने उपचारांचा.

आता घरात याचं मराठी कसं होतं ते ऐका. ‘बाबा, इथे सही करा. हा कागद तुमचे निर्णय घेणाऱ्या माणसाचा आहे.’ पुन्हा ‘णारा’! बाबांना वाटतं, उद्यापासून माझे निर्णय मुलगा घेणार. कुणी निमूट सही करतो आणि मनातून खचतो, कुणी पेन खाली ठेवतो आणि महिनाभर अबोला धरतो. कागदात लिहिलेलं असतं ते असं : ‘माझी क्षमता गेली, तरच आणि तेव्हाच, ज्याला माझ्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार असेल असा माणूस.’ ‘तरच’, ‘तेव्हाच’, ‘अधिकार असेल असा’ हे शब्द सुबक नाहीत, बोजड आहेत. पण बाबांचा मान त्या बोजडपणात आहे. गार्डियन नेमण्याच्या कागदावर सही घेताना साक्षीदाराने, सही करणाऱ्याला कागदाचा परिणाम समजल्याचं दिसलं, असं प्रमाणित करायचं असतं. हे समजणं घडवून आणायचं, तर मराठीतून नीट सांगणारं कुणीतरी हवं.

चौदा हजारांत एक

इतका काथ्याकूट कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी आपल्याच राज्यातल्या एका खटल्याकडे बोट दाखवतो. ‘रॉजर्स विरुद्ध व्हिटेकर’ या नावाने तो जगभरच्या कायद्याच्या आणि वैद्यकाच्या वर्गांत शिकवला जातो.

एका बाईंना वयाच्या नवव्या वर्षी झालेल्या इजेमुळे उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं. 1984 साली त्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेच्या आधी त्यांनी डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं होतं, आणि चांगल्या डोळ्याला काही होऊ नये याची त्यांना फार काळजी होती. एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे दुसऱ्या, धडधाकट डोळ्यात दाह होऊन तो जाण्याचा एक धोका असतो. त्याचं प्रमाण साधारण 14,000 मध्ये 1. डॉक्टरांनी तो सांगितला नाही. नेमकं तेच झालं, आणि बाईंची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेली. शस्त्रक्रिया करण्यात हलगर्जीपणा झाला, असं न्यायालयाने म्हटलं नाही. दोष होता तो न सांगण्याचा. 1992 साली ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने बाईंच्या बाजूने निकाल दिला आणि 8 लाख डॉलरहून अधिक भरपाई कायम राहिली.

औषधांच्या माहितीत जी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी वापरतात, तिच्यात ‘कॉमन’ म्हणजे 100 मध्ये 1 ते 10 जणांना, ‘रेअर’ म्हणजे 10,000 मध्ये 1 ते 10 जणांना, आणि ‘व्हेरी रेअर’ म्हणजे 10,000 मध्ये एकाहूनही कमी जणांना. चौदा हजारांत एक म्हणजे ‘व्हेरी रेअर’! तरीही न्यायालयाला तो धोका महत्त्वाचा वाटला. कारण न्यायालयाने आकड्याआधी माणूस पाहिला. निकालातली कसोटी माझ्या शब्दांत सांगायची तर अशी : जो धोका आधी कळला, तर त्या रुग्णाच्या जागी असलेला समंजस माणूस ज्याला बहुधा महत्त्व देईल, किंवा जो त्या विशिष्ट रुग्णाला महत्त्वाचा वाटेल हे डॉक्टरांना कळायला हवं, असा धोका सांगायलाच हवा.

ही कसोटी इंग्रजीत काय आहे, बघा बरं. सहायक क्रियापद असलेलं एक जर-तरचं वाक्य! त्यातला ‘वुड’ काढून टाकला, तर कसोटीच उरत नाही. आणि तेव्हापासून इथले डॉक्टर आपल्याला बारीकसारीक शक्यता का ऐकवत बसतात, तेही कळेल. ते स्वतःला वाचवायला घाबरवत आहेत, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. त्यामागे हा विचार आहे की शक्यता ही रुग्णाची मालमत्ता आहे, तिचं काय करायचं ते त्याने ठरवावं. डॉक्टरांनी ती रुग्णाच्या हवाली केली आणि भाषांतर करताना आपण ती खिशात घातली, तर चौदा हजारांतला तो एक न सांगितल्यासारखाच झाला.

मग करायचं काय?

तीन साध्या गोष्टी.

पहिली : डॉक्टरांच्या वाक्यात ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’, ‘कॅन’ ऐकू आलं की ‘णारा’ टाळा. ‘ज्याने… शकेल असं’, ‘जे… असू शकेल असं’ म्हणा. ते जमलं नाही, तर वाक्य मोडून दोन करा : ‘एक औषध आहे. त्याने गुण येईलच असं नाही, पण येऊ शकेल.’ किती, असं आजीने विचारलं तर डॉक्टरांनाच विचारा, ‘शंभरांत किती जणांना?’ आकड्याला भाषांतर लागत नाही.

दुसरी : गंभीर बोलणं असेल तेव्हा हे ओझं एकट्याने घेऊ नका. सरकारी हॉस्पिटलांत दुभाष्याची सेवा विनामूल्य असते. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी’ असं सांगून ठेवा, नाहीतर आयत्या वेळी हिंदीवर भागवलं जातं. टेलिफोनवरून दुभाषा देणारी राष्ट्रीय सेवा, टिस नॅशनल, 131 450 या क्रमांकावर मिळते. व्यावसायिक दुभाषा नातेवाईक नसतो, हाच त्याचा मोठा गुण. मायेपोटी तो काही गाळत नाही.

तिसरी गोष्ट फराळाला बसल्यावर करायची. खाली पाच वाक्यं देतो. नातवंडांनी त्यांचं मराठी करावं, आजी-आजोबांनी तपासावं, आणि मधल्या पिढीने चकल्या तळता तळता वाद घालावा.

एक : ‘अ निफ्यू हू माइट कम फॉर दिवाली.’ दोन : ‘द मेट्रो वी कुड हॅव कॉट.’ तीन : ‘समवन आय कॅन टॉक टू.’ चार : ‘अ स्टोरी नोबडी मे रिमेंबर.’ पाच : ‘एनीवन हू मे नीड हेल्प.’

तिसऱ्याचं उत्तर देऊन ठेवतो : ‘ज्याच्याशी बोलता येईल असं कुणीतरी’. इथे ‘माझ्याशी बोलणारं कुणीतरी’ असं उत्तर आलं, तर ते चुकीचं ठरवण्याआधी नातवंडाला विचारा की दोन्हींत काय फरक आहे. पहिल्यात तसं माणूस आहे की नाही हे माहीत नसूनही शोध चालू आहे, दुसऱ्यात ते असल्याचं जणू धरलेलं आहे. हा फरक ज्या मुलाला सांगता आला, त्याच्यावर उद्या आजीला घेऊन डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर आजीने निर्धास्त जावं.

बाकीच्या चारांची उत्तरं मुद्दाम देत नाही. ती घराघरांत वेगळी येतील, आणि ती का वेगळी आली यावर बोलणं झालं की ‘असेल’ आणि ‘असता’ आणखी एका पिढीपर्यंत पोचतील. शुभ दीपावली!